सारंगीचा विटाळ

औरंगाबाद,
ता. ९ फेब्रुवारी १९५९

ती. तात्यासाहेबांना बन्सीचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. हरभरा घाट्यावर आला, वहिनींच्या गुडघ्याची सूज उतरली, वाचून बरं वाटलं. माझी तब्येत चांगली आहे. कॉलेज रोज असतं. बोर्डिंगची हवा मात्र मला मानवली नाही.

हवा म्हणजे माणसं. माझ्या खोलीतला रामकिसन तुम्हाला सोज्वळ वाटला होता. कोनाड्यातल्या देवांना रोज अंघोळ घालतो. त्याची तक्रार अशी, की माझ्या सारंगीला बकऱ्याचं कातडं, तारा आतड्याच्या, खोली बाटते. हाच रामकिसन रविवारी शहागंजात मटण हाणतो आणि लवंग चघळून देवापुढं बसतो. बकरा पोटात गेला तर चालतो, खुंटीला टांगला तर विटाळ होतो. बाकीच्यांचं म्हणणं, हे नाचगाण्याच्या कोठीवरचं वाद्य. ते स्वतः हॉटेलातल्या रेडिओपुढं एका चहावर तीन तास सिनेमाची गाणी ऐकतात.

रेक्टरसाहेब तर विद्वानच. आम्हाला वेरूळला नेलं, दगडातल्या वादकांपुढं उभं केलं आणि आपल्या संगीतावर घसा बसेपर्यंत बोलले. परत आल्यावर माझी सारंगी गोणपाटात बांधायला लावली. दगडातले वाजवणारे त्यांना आवडतात, कारण त्यांचा आवाज होत नाही. मग मी मुकुंदवाडीच्या स्टेशनावर जाऊन रियाज करायचो. गाड्यांच्या मधे तिथं कुणी नसतं.

गेल्या आठवड्यात रेक्टरांनी बोलावलं. म्हणाले, तुमचे थोरले बंधू येऊन गेले, याच खुर्चीत बसले होते, वाद्य घराण्याला शोभत नाही, जाळून टाका म्हणाले. मी विचारलं, मला भेटायला का थांबले नाहीत? त्यावर ते कागद चाळत बसले.

एवढ्या लांब आलात आणि माझ्या खोलीपर्यंत चार पायऱ्या चढवल्या नाहीत. मी हसलो, तात्यासाहेब. रेक्टरांना वाटलं, पोरगं उद्धट आहे.

ही सारंगी कुठून आली, असं पत्रात विचारता. तुम्हाला ठाऊक नाही? आईनं डोळे मिटायच्या आधल्या पोळ्याला ती माळ्यावरून उतरवली, गोधडीत गुंडाळून माझ्या हाती दिली आणि म्हणाली, इब्राहीम औरंगाबादेत किराडपुऱ्यात असतो, त्याची त्याला नेऊन दे.

आपल्या ओट्यावर वडिलांसमोर, आप्पासाहेबांसमोर, सारंगी वाजवणारे इब्राहीमचाचा. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी ते बायकापोरांना घेऊन अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडून गेले. मी लहान होतो, पण चुलीमागं बसून ऐकत होतो. तुम्ही आईला सांगितलंत, त्याचा फर्दापूरच्या वाटेवरचा मळा आपण राखणीला घेतलाय, तो आला की देऊ. चाचा दोनदा आले. पहिल्यांदा तुम्ही परगावी होतात. दुसऱ्यांदा घरात असून परगावी होतात. आता सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे आणि गावात तुम्हाला बागायतदार म्हणतात.

कातड्याचा विटाळ रामकिसनला. तुमचा विटाळ निराळा आहे. ती वाजली की तुम्हाला माणूस आठवतो.

आईनं सांगितल्याप्रमाणं मी पहिल्याच आठवड्यात गेलो. चाचा सायकलच्या दुकानात पंक्चर काढतात. त्यांनी सारंगी घेतली नाही. नखाच्या मुळाशी तार घासून वाजवायचं हे वाद्य, आणि त्यांची नखं कामानं चिरलेली. म्हणाले, तू शीक, मी सांगतो. तेव्हापासून दर रविवारी मी तिथं जात होतो. सुट्टीत घरी का येत नव्हतो, ते आता कळलं असेल.

रेक्टरांचं बोलणं झालं त्याच दुपारी ट्रंक आणि सारंगी घेऊन बोर्डिंग सोडलं. चाचांच्या बाहेरच्या खोलीत राहतो. चाची भाकरी करते, मी खातो. बाटलो म्हणून गावात सांगायला हरकत नाही.

सारंगी जाळायचा हुकूम झालाय, हे मी चाचांना सांगितलं. कुणाचा, ते त्यांनी विचारलं नाही. हात साबणानं धुतले, ती मांडीशी घेतली, खुंट्या पिळून सूर लावला आणि आप्पासाहेब फर्माईश करायचे तीच चीज वाजवली. दोन ठिकाणी हात अडखळला. बोटातून रक्त आलं तरी पुरी केली. चाची दाराआड उभी राहून ऐकत होती. मला आपल्या ओट्याची लाज वाटली.

मग सारंगीचा गज खाली ठेवून ते म्हणाले, “तात्यासाहेबाला सलाम लिही. मळ्यातल्या हिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं का, तेवढं इचार. झरा लई नाजूक होता.”

बस. एवढंच. मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही. ती विहीर त्यांनी आणि त्यांच्या बापानं खणली होती.

वाटण्यांत तो मळा माझ्या नावावर लावा. मी तो त्यांना देईन. नाही लावलात तर कोर्टात उभा राहीन आणि चुलीमागं काय ऐकलं ते सांगेन. पैसे पाठवायचे बंद करणार असाल तर करा. मी शिकवण्या धरल्या आहेत.

विहिरीचं उत्तर मला नको. ते इब्राहीमचाचांच्या नावानं, तुमच्या अक्षरात पाठवा. पत्ता पाकिटावर आहे. लहानांना आशीर्वाद.

आई लक्ष्मीबाईंचा धाकटा मुलगा,
बन्सी