काचेपलीकडची परी

आबा,

तुमच्याशी बोला असं मला एका बाईंनी सांगितलंय. तुम्ही हसाल, पण हल्ली परळच्या हॉस्पिटलात आजारी मुलांच्या आईबापांवरही उपचार करतात. गोळ्या नाहीत, इंजेक्शन नाही. तळमजल्यावरच्या एका खोलीत खुर्च्या गोलात मांडून आम्ही बसतो आणि समुपदेशक बाई आम्हाला आमच्या भीतीबद्दल बोलायला लावतात. तुम्ही गेल्यावर जन्मलेली तुमची नात आता नऊ वर्षांची आहे. रक्ताच्या आजाराने ती वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत आहे. औषधं लागू पडताहेत, डॉक्टर खूश आहेत. बिघडलेय ती मीच. मध्यंतरी एका दुपारी तिची तब्येत एकाएकी ढासळली, उशाचं मशीन कोकलायला लागलं, माणसं धावली आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं. ती सावरली, मी मात्र त्या दुपारीच राहिले. तेव्हापासून मशीन नुसतं टिंग वाजलं तरी पाय मला जिन्यापाशी नेऊन सोडतात. घरी मायक्रोवेव्ह वाजला तरी घाम फुटतो. आत तिचा बाबा बसतो. मी काचेपर्यंतच जाते आणि तिथूनही पळते. मध्ये एकदा तिने त्याला विचारलं, "आईला मी आता आवडत नाही का?" त्यानंतर मी निमूट तळमजल्यावरच्या त्या खोलीत जाऊन बसले.

माझ्या शेजारी शीवच्या कोळीवाड्यातली एक बाई असते. लेकाच्या ऑपरेशनपासून तिला हातात सुरी धरवत नाही, मासळीचा धंदा जावेच्या गळ्यात पडलाय. पहिल्या दिवशी मी तोंड उघडेना, तेव्हा तीच म्हणाली, "अगो बाय, बोल ना. हितं कोन तुला खातंय? आमी सगली भ्यालेलीच हाव." समुपदेशक बाई म्हणाल्या की यात तुमची चूक नाही, तुमचं शरीर अजून त्या दुपारीच अडकलंय, त्याला हळूहळू बाहेर आणायचं. पाय जमिनीला नीट टेकवायचे, समोरच्या एका गोष्टीवर नजर ठेवायची. मग त्यांनी विचारलं, "लहानपणी तुम्ही आजारी असताना कुणी तुमच्यापाशी थांबलं होतं?" आणि आबा, मला तुमचं तोंड दिसलं. नुसतं हलणारं, आवाज नसलेलं.

गिरण्यांच्या संपाचं वर्ष. मी सात वर्षांची, घटसर्प झालाय म्हणून वेगळ्या वॉर्डात ठेवलेली. आत कुणाला सोडत नाहीत. खिडकीच्या काचेबाहेर बाकीच्या पोरांचे आईबाप घसा ताणून ओरडतायत आणि आम्हाला काही ऐकू येत नाही. तुम्ही ओरडत नाही. गिरणीत मागांच्या खडखडाटात तुम्ही सगळे आवाजाशिवाय, नुसत्या ओठांनी बोलायचात, तसेच माझ्याशी बोलता. आईने पेज केली. चाळीतल्या मांजरीला पिल्लं झाली. संप अजून मिटत नाही. सावकाश, तोंड मोठं करून सांगता, आणि हळूहळू मला सगळं कळायला लागतं. निघताना दरवेळी भुवया उंचावून एकच शब्द म्हणता: परी. घरी तुमची मजल "गे चेडवा"च्या पुढे कधी गेली नव्हती. मी इतकी फुलून जाते की जोरजोरात मान हलवते. मग तुम्हीही हसता आणि जाता.

लग्न ठरल्यावर हे मी आईला सांगितलं, तर ती पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. "परी खंयची! ते 'बरी?' म्हणान इचारीत. घराक येवन माका सांगत, मान हलयल्यान, म्हणजे बरी आसा. मगे जेवत." मी आरशासमोर करून पाहिलं. ओठांवर प आणि ब सारखेच दिसतात. तुम्ही तेव्हा नव्हतात, नाहीतर तुम्हालाच गाठलं असतं.

मी बरी होऊन घरी आले आणि तुम्ही बदललात. साधा ठसका लागला तरी ओरडायचात, "खोकतंस कित्याक?" जशी काही मी मुद्दाम खोकत होते. शेजारी कुणाचं भांडं पडलं तरी आधी माझ्याकडे बघायचात. मी वैतागायची, हे आबा आहेत की पोलीस! संप बुडाला, गिरणी गेली, म्हणून चिडचिडे झालात असं चाळीत सगळे म्हणत. ते खरंही असेल. पण त्यात निम्मी भीती होती, हे मला आता त्या खोलीत बसून कळतंय. तुम्हाला कुणी खुर्ची दिली नाही, पाय टेकवा म्हणालं नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं, आबा. आणि इतका घाबरलेला माणूस रोज त्या काचेपाशी येत होता याचा अभिमानही वाटतो.

आज मी काचेपाशी गेले. कोळीणबाई मागच्या बाकावर बसली होती. "पलालीस तर पकरून आनीन," असा तिने दम भरला होता. मी पाय टेकवले. मशीन वाजलं. मी लेकीच्या तोंडावरची नजर हलू दिली नाही. आणि तुमच्यासारखंच, भुवया उंचावून, आवाज न काढता म्हटलं: परी. तिने कपाळाला आठ्या घातल्या. मी पुन्हा म्हटलं. मग तिचा चेहरा खुलला, अंगठा वर झाला, ओठ सावकाश हलले. मला ते वाचता आलं, आबा. "बरी आहे."

उद्या हॉस्पिटलचा गाऊन घालून आत तिच्यापाशी बसून बघणार आहे. जमेल असं वाटतंय. नाही जमलं तर परवा. हे पत्र पर्समध्ये तिच्या केसांच्या पिनांजवळ ठेवतेय. औषधांनी गेलेले केस परत आले की त्या लागणार आहेत. आणि एक सांगू? आईचंच बरोबर असणार, मला माहीत आहे. पण माझ्यापुरतं तुम्ही परीच म्हणाला होतात.