इटलीच्या संगीतकाराची चार पुस्तकं

औराद, शनिवार संध्याकाळ

ह्यांनी जमवलेली, इटलीच्या त्या थोर ऑपेरा-संगीतकारावरची चार जाड इंग्रजी पुस्तकं आज बीदरच्या ग्रंथालयात द्यायला नेली. हे गेले, आता घरात कोण वाचणार? ग्रंथपाल म्हणाले, "अक्का, इथं तरी कोण वाचणार?" तशीच परत आणली.

बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "एवढी जाड पुस्तकं कामून नेलाव?" मी सांगतच सुटले. बायको आणि दोन लेकरं गेल्यावर त्यानं संगीत लिहिणंच सोडलं होतं.

"मग पुना लिवलंच न्हाई?"

"लिहिलं की!" कसं, तेही सांगितलं.

उतरताना ती म्हणाली, "किती वाचलाव, अक्का!"

एक पान वाचलं न्हाई. मी भाकरी थापायची, हे जवळ बसून सांगायचे. मी मान वर करायची न्हाई. पण ऐकत होते, सगळं. ह्यांना ते कधी कळलंच न्हाई.