कोहळ्याची पहिली चीर

अकोला, ता. ३ फेब्रुवारी १९३६

ती. स्व. दादांच्या पायी गोदाचा सा. न. वि. वि.

दर्यापूरहून तुमी धाडलेले बत्तीस कोहळे पोचले. बाजारात कोहळ्याले कोणी विचारत नाही, पण तोच किसून, उडदाच्या डाळीत कालवून, उन्हात वाळवला का त्याचे सांडगे दुकानदार महादेवराव घरी येऊन नेतात. होळीपर्यंत देईन म्हणून कबूल केलं आहे. जमलं तर ही भाड्याची खोली राहते, नाहीतर तुमच्या दारी येऊन पडणं आहे.

अडचण एकच. शेजारचे म्हातारे नत्थुजी पहिली सुरी लावून देत, मंग मी किसत होती. ते लेकीकडे अमरावतीले गेले. कोहळा म्हणजे थोरला लेक, बाईनं त्याले पहिली चीर देऊ नाही, हे आपल्या आईनंच शिकवलं. दुसऱ्या पुरुषाले बोलवावं तर गल्ली नावं ठेवते. चार कोहळे नरम पडून राहिले. एक दिवस या.

वहिनीले नमस्कार. माया आटू देऊ नका.

तुमची गोदा

दर्यापूर, ता. ९ फेब्रुवारी

चि. गोदास अ. आ.

पत्र भेटलं. कांद्याले पाणी देणं सुरू आहे, निघता येत नाही. पण सुरीले हात लावू नको. कोहळे सडले तर सडू दे. जावई गेले, मागून तुझा लेक शेषराव तापानं गेला, तवापासून सांगून राहिलो, घरी ये. तुले काहून एवढा हट्ट? तुझी वहिनी कौशल्याबी म्हणते, एक ताट जास्त झालं तर काय बिघडते.

जिवाले जप.

दादा

अकोला, ता. २ मार्च

ती. स्व. दादांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी सुरी घेतली. तुमचा शब्द मोडला, माफ करा. एकदा सुरी खाली ठेवली. मंग मनात आलं, ही रीत थोरल्या लेकाले जपाले. माझा तर एकच होता, आन् मी एकही कोहळा चिरला नसताना तो गेला. आता कोणासाठी भेऊ? चार फेकले, अठ्ठावीस फोडले. रडलीबी.

सांडगे कडकडीत वाळले. कोणी फोडले, महादेवरावांनी विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी एक सांडगा मोडून पाहिला, मंग तराजू काढला. खोली राहिली. वहिनीचा शब्द मनात ठेवते, पण येत नाही.

रागावले असाल तरी दोन ओळी धाडा.

गोदा

दर्यापूर, ता. ८ मार्च

चि. गोदास अ. आ.

तुझं पत्र कौशल्याले वाचून दाखवलं. ती आमच्या थोरल्याले जवळ घेऊन बसली. मले राग आला होता, खोटं काहून सांगू. पण मले येता आलं असतं, गोदे. एका दिवसानं काही बुडत नव्हतं. तू एकटी सुरी धरून बसली आन् मी इथून उपदेश धाडला.

पुढच्या साली कोहळे मी सोबत घेऊन येतो. फोडशील तूच. मी किसाले बसीन.

दादावर फार दिवस रुसू नको.

शालिकराम