मनोऱ्यावरून दिसलेलं घर

दादा,

मनोऱ्यावरून साठ किलोमीटर दिसतं, असं मी दुर्बिणीपाशी उभी राहून दिवसभर लोकांना सांगते. तुझं शहर चाळीसावर आहे.

आईची नजर आता फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून काल तिला वर नेलं.

"दादाचं घर दाखव," ती म्हणाली.

धुरक्यात काही दिसेना. मी जवळचीच एक पांढरी इमारत दाखवली.

"गच्चीत कपडे वाळताहेत. म्हणजे घरीच आहेत. मग तो येत का नाही गं?"

"कामात असेल," मी म्हटलं.

हे पत्र मी टाकणार नाही. ते वाचून तू आलास, तर आई म्हणेल, "बघ, आला की नाही माझा लेक?" तेवढं मला ऐकवणार नाही.

आईपाशी राहिलेली,
तुझी धाकटी बहीण