बिनरस्त्याचा मुलूख

३ फेब्रुवारी

ती. मामांस,
तुमच्या भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे आणि थक्क आहे. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंनी मला एक जीप आणि सहा आठवडे दिलेत. रस्ता सोडून गाडी हाकायला शिकवणारी शाखा काढायची आहे. त्यासाठी सगळ्यांत चांगला मुलूख कुठला, ते मी हिंडून ठरवायचं.

आधी डोंगरात होते. तिथल्या दगडी उतारांवर गाडी नाकावर उभी राहते. ब्रेकवर पाय न ठेवता पहिल्या गिअरवर भरवसा टाकायचा, हा तुमचा धडा पाठ होता म्हणून धड खाली आले. आता वाळूत आहे. टायरमधली हवा निम्मी केली की जीप होडीसारखी तरंगत चालते. काल एका टेकाडाच्या माथ्यावर थांबून मागे पाहिलं, तर चाकांच्या खुणा वाऱ्यानं साफ पुसलेल्या. जणू मी तिथे आलेच नव्हते!

माझं मन वाळूकडे ओढतंय. पण अडतीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला विचारल्याशिवाय कसं ठरवू? आणि हो, तुमच्या मागच्या पत्रात ओळी एकमेकींच्या खांद्यावर चढल्या होत्या. चालत्या ट्रकमध्ये लिहिलंत की काय?

मामींना नमस्कार. रागावलात तरी चालेल, पण उत्तर पाठवा.
तुमची भिंगरी

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
मामाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. डोंगर चुकीला माफ करत नाही. वाळू जाणत्याला मजा देते, नवख्याला रुतवून बसवते. शिकणाऱ्याला आधी मनसोक्त चुकता आलं पाहिजे. चुकल्यावर काही मोडणार नाही, कुणाला लागणार नाही, अशी जागा बघ. ओळी वाकड्या आहेत, कारण पेन भिकार आहे.

जपून चालव.
मामा

भिंगरे, ही खालची जागा मी घेतली आहे. मी इथे काय लिहितेय ते यांना वाचता येणार नाही, आणि तेच तुला सांगायचं आहे. काचबिंदूनं दोन्ही बाजूंची नजर गेली. मधलं थोडं दिसायचं, तेही आता पुसट झालंय. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगून दोन महिने झाले. कुणाला सांगू नकोस असं हे म्हणाले, म्हणून मी गप्प होते. रोज दुपारी शेडमध्ये जाऊन आपल्या जुन्या, बंद जीपमध्ये बसतात आणि गिअर टाकत राहतात. मला हे बघवत नाही गं.
मामी

२७ फेब्रुवारी

ती. मामा-मामींस,
शि. सा. न. वि. वि.

मामी, हे पत्र मोठ्यानं वाचा. मामा, मामींनी मला सगळं सांगितलंय. त्यांच्यावर चिडू नका, चिडायचंच तर इथे येऊन माझ्यावर चिडा.

तुम्ही सांगितलीत तशी जागा सापडली. हे एक आटलेलं तळं आहे. तळं कसलं, समुद्रच! पांढरी, टणक, तडकलेली जमीन क्षितिजापर्यंत पसरली आहे. ना झाड, ना दगड, ना माणूस. मध्यभागी जाऊन इंजिन बंद केलं, तर माझ्याच छातीतले ठोके ऐकू आले. कितीतरी वेळ दार उघडून खाली उतरायचा धीर होईना, इतकं ते मोठं होतं.

तीन दिवस पहार घेऊन मी ही जमीन ठोकत फिरले. पूर्वेला खाली चिखल आहे, तिथे लाल झेंड्या लावल्यात. बाकी अकरा किलोमीटर कुठेही वळा, आपटण्यासारखं काही नाही.

मामा, इथे गाडी तुम्ही चालवायची. मी शेजारी बसेन. दोन तिकिटं सोबत पाठवते आहे. नाही म्हणायला मी जागाच ठेवलेली नाही.
वाट पाहणारी
भिंगरी

१५ मार्च

चि. भिंगरीस,
मामीचे अ. उ. आ.

काल सुखरूप घरी पोचलो. अर्धा तास तू यांच्या शेजारी बसलीस, त्यांनी गाडी कशी वाऱ्यासारखी सोडली ते तू पाहिलंसच. पण मग त्यांनी तुला झेंड्यांपाशी उतरवलं आणि मला आत घेतलं. पुढचं तुला लांबून नुसतं ठिपक्याएवढं दिसलं असेल.

बरंच पुढे जाऊन त्यांनी गाडी थांबवली. काय दिसतंय, असं मी विचारलं. म्हणाले, सगळीकडे उजेड आहे, त्याला कुठे कड नाही. अंधाराच्या भीतीनं तीन महिने झोप नव्हती, पण हे फार मोठं आहे गं, असं म्हणून ढसाढसा रडले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना रडताना पाहिलं.

मग बॉनेट चाचपत माझ्या बाजूला आले आणि मला स्टिअरिंगमागे सरकायला सांगितलं. मी म्हटलं, एकसष्टाव्या वर्षी कसली थट्टा करता? तर म्हणे, इथे तू आपटणार कशावर? सात वेळा इंजिन बंद पडलं. प्रत्येक वेळी नुसत्या आवाजावरून माझी चूक सांगायचे. आठव्या वेळी गाडी गचके खात निघाली. लांबून तू हसत असशील.

मग तिसरा गिअर पडला. भिंगरे, इतकी वर्षं मी शेजारच्या सीटवर बसून जग बाजूनं जाताना पाहिलं. स्टिअरिंगमागे बसल्यावर ते सगळंच्या सगळं आपल्याकडे चालून येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! मी ओरडले की हसले, आठवत नाही.

शाखेसाठी तू त्याच जागेचं नाव कळवलंस, फार बरं केलंस. शिकाऊ लायसन्सचा अर्ज आज भरून आले. खिडकीवरच्या कारकुनानं विचारलं, अर्ज कुणासाठी. हे मागून खणखणीत आवाजात म्हणाले, आमच्या ड्रायव्हरसाठी.

आमच्यावर जीव आहे तसाच असू दे.
तुझी
मामी