अकराव्या मजल्याची हवा

प्रिय मर्सिहा,

काल इस्पितळात तुझ्याशेजारी बसून तासभर काय बडबडले मी, देव जाणे. पिटा करपली, ट्राम बंद पडली, पाच दिवस झाले तरी साराजेव्होवरचं धुकं हलत नाही. बोलायचं होतं वेगळंच, पण जीभ रेटेना. म्हणून लिहिते आहे.

एल्माच्या नाकावरचा मास्क सारखा करत तू म्हणालीस, "ताई, बरं झालं तुझं ऐकलं. खाली राहिलो असतो तर पोरीचं काय झालं असतं?" मेल्याहून मेल्यासारखं झालं गं मला.

तुला तिसऱ्या मजल्यावरचं घर आवडलं होतं. मीच हट्ट धरला, अकरावा घे, वर हवा स्वच्छ. हवा मोजणं हेच जिचं काम, ती बहीण सांगते म्हटल्यावर तू कशाला वाद घालशील? तुझा निहाद तेवढा म्हणाला, "लिफ्ट बंद पडली की ताईसाहेब उचलून नेतील आम्हाला." सगळे हसलो.

मग गेल्या जानेवारीत तुमच्या इमारतीमागून आम्ही दोरीला बांधलेला फुगा सोडला, त्याखाली धूळ मोजायचं यंत्र. ट्रामच्या रस्त्याशी आकडा एकशेऐंशी. तिसऱ्या मजल्याच्या उंचीला साधारण तेवढाच. अकराव्याच्या उंचीला तीनशे चाळीस. समोरच्या टेकडीवरच्या घरांची धुराडी नेमकी तिथेच येतात, आणि कोळशाचा धूर ना वर जातो ना खाली. माझा सहकारी फरीद म्हणाला, "यंत्र बिघडलंय, बाई." मलाही तेच हवं होतं. नऊ वेळा फुगा सोडला. नऊही वेळा तेच.

फुगा बघायला एल्मा खिडकी उघडून हाका मारत होती, मावशी, मावशी. धुक्यात दिसत नव्हती. मी खालून ओ दिली. खिडकी लाव म्हणाले नाही.

अहवालात सगळं लिहिलं. तुला सांगितलं नाही. तुझं नव्या पडद्यांचं कौतुक चाललं होतं. वाटलं, वारा सुटेल, हिवाळा सरेल. तो सरलाही. आता हा दुसरा आलाय.

परवा तिला घरी सोडणार. डॉक्टर म्हणाले, स्वच्छ हवेत ठेवा, आणि तू लगेच म्हणालीस, आमचं घर उंचावरच आहे. मर्सिहा, तिला त्या घरी नेऊ नकोस. माझ्याकडे नको असेल तर डोंगरात कुणाकडेही ने, पण धुक्याच्या वर ने. माझं तोंड पुन्हा बघू नकोस, चालेल. तिला तिथे नेऊ नकोस.

तुझीच,
अझेमिना