आईचे पाय समुद्रात

हिंगणी, शुक्रवार, १० मे १९५७

मुंबईहून आज सकाळी परतलो. चुलतबहिणीच्या लग्नानंतर तिथे एकच दिवस मोकळा होता आणि त्याचं वेळापत्रक मी केलं होतं. आईला समुद्रात पाय बुडवायचे होते, धाकट्या सुमीला आनंदमेळ्यातल्या उंच पाळण्यात बसायचं होतं. बाबांचा माझ्यावर भरवसा नव्हता. मी कागदावर लिहिलं, सकाळी समुद्र, दुपारी पाळणा.

चौपाटीवर पोचलो तर पाणी दूर गेलेलं, मध्ये नुसता चिखल. समुद्र जागा सोडतो हे मला कुठे ठाऊक? आमची बोर नदी उन्हाळ्यात आटते, पण रोज उठून निघून जात नाही. आधी कुणाला विचारायला काय झालं होतं?

बाबा म्हणाले, "काऊन रे, समुद्राले सुट्टी देल्ली काय तुनं?"

आईने वर खोचलेलं लुगडं पुन्हा खाली सोडलं, ते जास्त लागलं. मग एका कोळणीला विचारलं. ती म्हणाली, चार वाजता या, पाणी इथवर येईल. तिथेच कागदावर खोडून लिहिलं, आधी पाळणा, मग समुद्र. पाळण्याच्या दोन फेऱ्या झाल्या तरी सुमी निघेना, हाताला धरून आणली. आणि चार वाजता आई गुडघाभर पाण्यात, लुगडं भिजलेलं, हसत होती. दोन्ही जमलं.

आज संध्याकाळी इथे घरी शेजारचे गणपतकाका आले. बाबा त्यांना म्हणाले, "समुद्र पाहाचा असन तं आमच्या नामदेवाले संगं नेजो. पानी कव्हा येते, ते त्याले बराबर समजते."

मी मान खाली घालून सुपारी कातरत राहिलो. कोळणीचा विषय काढला नाही.